शिवसागरावरच्या लहान मोटरबोटीत बॅटरी कुठे बसवावी : साताऱ्यातील एका कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

बोटीत बॅटरी बसवून देण्याचे काम साताऱ्यात पुष्कळजण अंगावर घेतात. ती नेमकी कुठे बसवावी याचा विचार करणारे मात्र थोडे आहेत. शहरातील बॅटरीची दुकाने मुख्यतः ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, जनरेटर आणि घरोघरचे इन्व्हर्टर यांवर चालतात, आणि त्या सर्व यंत्रांमध्ये बॅटरीची जागा बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेली असते. लहान फायबर बोटीचे तसे नाही. बोटीचा सांगाडा एकीकडून येतो, इंजिन दुसरीकडून विकत घेतले जाते, बाके आणि छत गावातच बसवले जाते, आणि सगळे झाल्यावर जी जागा उरते तिथे बॅटरी ठेवली जाते. बामणोली, तापोळा आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या इतर गावांत अनेक बोटींमध्ये ती इंजिनाशेजारी, पेट्रोलच्या टाकीला लागून, भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये दोरीने बांधलेली दिसते. बोट चालते, सेल्फ लागतो, म्हणून कोणी त्याकडे पुन्हा पाहत नाही.

ज्या कार्यशाळेच्या कामाबद्दल मी लिहीत आहे ती साताऱ्यातच, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आहे. हंगामाच्या तोंडावर हातात असलेलेच काम पुरेसे होते, नवीन गर्दी नको, या कारणाने मालकांनी नाव न छापण्याची विनंती केली, आणि ती मी पाळत आहे. काम कसे केले, कुठे उत्तम केले आणि कुठे कमी पडले, हे मात्र तपशिलाने लिहितो, कारण असे काम कोणाकडूनही करून घेताना काय पाहावे हे त्यातून कळू शकेल.

आधी बोटीची माहिती द्यायला हवी. बोट सोळा फुटांची, उघडी, फायबरची आहे. चालकाचे सुकाणू उजव्या बाजूला, मध्यभागाच्या थोडे मागे आहे. पूर्वी तिला दोरी ओढून चालू करायचे २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन होते, त्याचे वजन पन्नास किलोंच्या आसपास होते. त्या जागी आता ४० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन आले आहे. ते पेट्रोल कमी पिते, धूर करत नाही, आणि ज्या जलाशयाच्या पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्य आहे तिथे त्याचा आवाजही कमी होणे मला फार महत्त्वाचे वाटते. पण त्याचे वजन ९८ किलो आहे. म्हणजे बोटीच्या अगदी मागच्या फळीवर एकाएकी पन्नास किलोंची भर पडली. हे इंजिन सेल्फवर चालू होते, त्यामुळे ८० अँपिअर-तासांची, ॲसिडसह सुमारे २२ किलो भरणारी १२ व्होल्टची बॅटरीही आली. त्यात पेट्रोलची २५ लिटरची टाकी, म्हणजे टाकीसकट वीस-एकवीस किलो, आणि चालकाचे सत्तर किलो धरले, तर बोटीच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात दोनशे किलोंहून अधिक वजन जमा होते आणि पुढचा भाग रिकामा राहतो.

कार्यशाळेच्या मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत जे सांगितले त्यानेच माझा विश्वास बसला. बोट ट्रेलरवर उभी होती, टेप आणि ड्रिल मशीन हाताशी होते, आणि तरीही ते म्हणाले, "साहेब, जमिनीवर बघून काय कळायचं नाय. आधी पाण्यात बघू, मग भोक पाडू." त्यांनी बॅटरीच्या वजनाइतके वाळूचे पोते भरून घेतले, आणि साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला येऊन, बोट पाण्यात सोडून, ते पोते तीन वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिले: प्रथम मागे इंजिनाजवळ, मग मधल्या बाकाखाली, आणि शेवटी नाळेतल्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातल्या, फळीखाली. प्रत्येक वेळी बोटीच्या बाहेरच्या अंगावर खडूने पाण्याची रेघ काढली, आतल्या बाकावर पाणसळ ठेवून कल पाहिला, आणि मग चालक एकटा असताना व चार माणसे बसलेली असताना, अशा दोन्ही स्थितींत बोट पळवून पाहिली. हे सगळे व्हायला एक सकाळ लागली. या सकाळीचे वेगळे पैसे त्यांनी बिलात लावले आहेत आणि ते योग्यच आहे. माझ्या मते संपूर्ण कामातला हाच सर्वात मोलाचा भाग होता.

पोते मागे असताना एकट्या चालकाच्या वजनानेही पाण्याची रेघ मागच्या फळीच्या खाचेजवळ येत होती. वेग वाढवला की नाळ इतकी वर उठायची की बसलेल्या चालकाला समोरचे पाणी बराच वेळ दिसायचेच नाही, आणि बोट पाण्यावर सपाट होऊन पळू लागल्यावरही पुढचा भाग वर-खाली उसळत राहायचा. शिवसागरावर समोरचे दिसणे ही चैनीची गोष्ट नाही. कोयना धरणाचा हा जलाशय सुमारे १०५ टीएमसीचा आहे. पावसाळ्यानंतर तो काठोकाठ असतो आणि मे महिन्यापर्यंत त्याची पातळी फार खाली जाते. १९६४ साली धरण पूर्ण झाले तेव्हा पाण्याखाली गेलेल्या जमिनींचे बांध आणि खडक उन्हाळ्यात हळूहळू पृष्ठभागाजवळ येतात. मासेमारीच्या जाळ्यांचे लहान तरंगते खुणेचे डबेही वाटेत असतात. ज्या बोटीची नाळ आकाशाकडे आहे तिच्या चालकाला यांतले काहीच वेळेत दिसत नाही.

पोते नाळेत ठेवल्यावर एकट्या चालकासाठी बोट छान समतोल झाली, आणि तिथेच थांबलो असतो तर निर्णय चुकला असता. चार माणसे बसल्यावर मात्र नाळ पाण्यात रुतू लागली, लाटेवर तुषार आत येऊ लागले आणि सुकाणू जड झाले. मधल्या बाकाखाली पोते असताना दोन्ही स्थिती सुसह्य होत्या. एकटा चालक असताना नाळ थोडी वर, पण समोरचे दिसत होते. बोट भरल्यावर ती जवळपास सरळ. हिशेबाने पाहिले तर २२ किलोंचे वजन सव्वादोन मीटर पुढे सरकवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढाच सत्तर किलोंच्या माणसाला साधारण सत्तर सेंटिमीटर पुढे बसवल्याने पडतो. म्हणजे एक माणूस एका बाकावरून पुढच्या बाकावर हलवण्याइतका हा परिणाम आहे. लहान बोटीत तो सहज जाणवतो, आणि माणसाप्रमाणे बॅटरी प्रत्येक फेरीला जागा बदलत नसल्याने तो कायमचा असतो.

डावीकडे-उजवीकडे कुठे, हा प्रश्न त्याहून लहान होता, तरी त्यावर आमची चर्चा लांबली. चालक उजवीकडे बसतो म्हणून बॅटरी डावीकडे ठेवावी असा मिस्त्रींचा पहिला विचार होता. मध्यरेषेपासून चाळीस सेंटिमीटर डावीकडे ठेवलेली बॅटरी चालकाच्या वजनाने येणाऱ्या कलापैकी जेमतेम पाव भाग भरून काढते, आणि प्रवासी बसले की तो हिशेब तसाही मोडतो. पाणसळीवरही तेच दिसले. त्यामुळे बॅटरी मध्यरेषेवर ठेवण्याचे ठरले आणि पेट्रोलची टाकी मागे डाव्या बाजूला राहू दिली. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

नाळेत बॅटरी नको, याला वजनापलीकडेही कारणे आहेत. वाऱ्याच्या लाटांवर बोट आपटते तेव्हा सर्वात मोठे धक्के नाळेला बसतात आणि बोटीचा मधला-मागचा भाग त्या मानाने कमी हलतो. साध्या, पाणी घालायच्या बॅटरीच्या प्लेटांवरचा लेप अशा धक्क्यांनी सुटून तळाशी साचतो, आणि साचलेला गाळ प्लेटांना खालून जोडू लागला की तो सेल मरतो. शिवाय आमच्याकडे अनेक ठिकाणी धक्का नाही. वासोट्याकडे जाणारे असोत किंवा पलीकडच्या वाडीतले असोत, बोट नाळेने चिखलाच्या उतारावर टेकवूनच माणसे उतरतात. रोज नाळेवर बसणारा तो दणका बॅटरीने का सोसावा?

मागची जागा सोडण्याची किंमतही आहे, आणि ती तांब्यात मोजावी लागते. सेल्फ मारताना हे इंजिन क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर ओढते. तांब्याच्या केबलचा रोध लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. वीज जाऊन परत यायची असल्यामुळे लांबी नेहमी दुप्पट धरावी लागते. बॅटरी इंजिनापासून एक मीटरवर असेल आणि केबल २५ चौरस मिलिमीटरची असेल, तर १२० अँपिअरला सुमारे ०.१७ व्होल्ट वाटेत जातात. तीच केबल तीन मीटरवरच्या मधल्या बाकापर्यंत नेली तर अर्धा व्होल्ट जातो. नाळेपर्यंत, म्हणजे साडेचार मीटर नेली, तर पाऊण व्होल्ट. आकडा लहान दिसतो, पण सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचेही व्होल्टेज साडेदहा-अकरापर्यंत उतरते, आणि नव्या इंजिनांमध्ये पेट्रोल सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, जिला पुरेसे व्होल्टेज मिळाले नाही तर इंजिन फिरते पण पेटत नाही. अशा वेळी दोष बॅटरीवर टाकून नवी बॅटरी घेणारे मी पाहिले आहेत.

कार्यशाळेने ३५ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारांची केबल घातली. तिच्यावर हिशेबाने ०.३६ व्होल्ट जायला हवेत. काम झाल्यावर सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इंजिनाच्या टर्मिनलवर एकाच वेळी मल्टिमीटर लावून पाहिले तर फरक ०.४ व्होल्टच्या आसपास मिळाला, म्हणजे जोडांमध्ये जवळपास काहीच वाया जात नाही. लग, म्हणजे केबलच्या टोकांना लावायच्या धातूच्या कड्या, हातोडीने ठोकून बसवलेले नाहीत. हायड्रॉलिक पंचाने दाबून त्यावर आतून डिंक लावलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवली आहे. मला या कार्यशाळेच्या कामात सर्वात देखणी गोष्ट हीच वाटली. केबल बोटीच्या तळातल्या पाण्यापासून वर, बाकांच्या कडेने, दर फूट-सव्वा फुटावर क्लॅम्प लावून नेली आहे, आणि जिथे ती फळीतून आरपार जाते तिथे रबरी बूच आहे. कंपनाने फळीची धार केबलचे आवरण कापते, आणि आवरण कापलेली सेल्फची केबल उघड्या निखाऱ्याइतकी धोकादायक असते.

आता धोक्याचाच विषय निघाला आहे तर पेट्रोल आणि बॅटरी यांच्या शेजारपणाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे या बाबतीत बेफिकिरी फार आहे. शिसे-ॲसिडची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः पूर्ण भरत आल्यावर, हायड्रोजन वायू सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या पुढे गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हायड्रोजन हवेपेक्षा पुष्कळ हलका असल्याने तो वर जातो आणि बंद कप्प्याच्या छताशी साठतो. पेट्रोलची वाफ नेमकी उलट वागते. ती हवेपेक्षा जड असते, खाली उतरते आणि बोटीच्या तळाशी पसरते. टर्मिनल सैल असेल किंवा पाना निसटून दोन्ही टर्मिनलांना लागला, तर ठिणगी बॅटरीपाशी पडते. म्हणून टाकी आणि बॅटरी एकाच बंद कप्प्यात ठेवू नयेत, आणि टाकी, पेट्रोलचा फिल्टर किंवा पाइपचा जोड यांच्या नेमके वर वा खाली बॅटरी येऊ देऊ नये. लहान बोटींबाबत अमेरिकेत वापरले जाणारे निकषही हेच सांगतात. मागच्या जागेला माझा सर्वात मोठा आक्षेप हाच होता, आणि समतोलाचा प्रश्न नसता तरी केवळ एवढ्यासाठी मी बॅटरी पुढे नेली असती.

मधल्या बाकाखालच्या पेटीला कार्यशाळेने दोन्ही बाजूंना, अगदी वरच्या कडेला, झडपांच्या आकाराच्या फटी कापल्या आहेत. फटी वर असणे महत्त्वाचे आहे. एका दुसऱ्या बोटीत मी पेटीच्या तळाशी भोके पाडलेली पाहिली. त्यांतून पाणी आत येते आणि हायड्रोजन आतच राहतो.

पेटीच्या आत बॅटरी ज्या बैठकीवर बसते ती १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची आहे. तिच्या सर्व कडांना रेझिन पाजले आहे, आणि ती बोटीच्या तळाला स्क्रूने न ठोकता तळावरच्या लांबट उभारांना फायबरच्या कापडाने आणि रेझिनने जोडली आहे. पातळ फायबरच्या तळात मारलेला प्रत्येक स्क्रू ही पुढच्या गळतीची सोय असते, हे ज्यांनी बोटीचा तळ दुरुस्त करून घेतला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बैठक तळापासून दहा सेंटिमीटर वर आहे. बॅटरी ॲसिड सांडले तरी ते धरून ठेवणाऱ्या जाड प्लास्टिकच्या खोक्यात असून खोक्यावरून रुंद नायलॉनचा पट्टा, धातूच्या बकलने आवळलेला, आडवा जातो. वर उल्लेखिलेल्या निकषांनुसार बॅटरी कोणत्याही दिशेला एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. ती तेवढीही हलत नाही.

दहा सेंटिमीटर उंचीमागचे कारण पावसात आहे. पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी बंद असतात, पण बोट काठाला बांधलेली असते आणि कास-बामणोलीच्या पट्ट्यात मोठ्या पावसाच्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस पडणे विशेष नाही. साडेसहा चौरस मीटर उघड्या अंगाच्या बोटीत तेवढ्या पावसाने ६५० लिटर पाणी साचते. ते बाहेर काढणारा लहान पंप आपोआप चालू व्हायला हवा, आणि तो चालवणारी बॅटरीच पाण्यात बुडली तर बोटही तिच्या मागोमाग जाते. आमचा पंप सुमारे तीन अँपिअर घेतो. हे सगळे पाणी काढायला त्याला, नळीतला अडथळा धरूनही, एक तासाहून कमी वेळ लागतो, म्हणजे तीन अँपिअर-तासांपेक्षा कमी खर्च. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे असे धरले, कारण त्याहून खाली नेल्यास तिचे आयुष्य घटते, तरी अशा पावसाचे बारा-तेरा दिवस ती एकटी निभावू शकते. हा हिशेब मिस्त्रींनी कागदावर मांडून दाखवला. मुख्य स्विच बंद असतानाही पंप चालू राहावा म्हणून त्याची तार त्यांनी स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूजमधून घेतली आहे.

इथपर्यंतचे काम मनापासून केलेले होते, आणि म्हणूनच फ्यूजच्या बाबतीतला दोष मला खटकला. दिवे, भोंगा आणि मोबाइल चार्जिंग यांच्यासाठी जी जाड तार बॅटरीपासून सुकाणूजवळच्या पॅनलपर्यंत जाते, तिचा फ्यूज त्यांनी पॅनलपाशी बसवला होता. फ्यूज हा पुढच्या उपकरणांपेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. तो बॅटरीपासून जितका दूर, तितकी तार उघड्यावर. अमेरिकेतील निकषात हे अंतर साधारण सात इंच, म्हणजे अठरा सेंटिमीटरपर्यंत ठेवायला सांगितले आहे. सेल्फच्या मुख्य केबलला त्यातून सूट आहे. पॅनलपाशी बसवलेला फ्यूज दीड-दोन मीटर तारेला काहीच संरक्षण देत नव्हता, आणि ती तार प्रवाशांच्या पायांजवळून जाते. मी दाखवून दिल्यावर त्यांनी वाद न घालता तो पेटीजवळ आणला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तरीही हे सांगावे लागायला नको होते. जो ग्राहक विचारणार नाही त्याच्या बोटीत तो पॅनलपाशीच राहणार.

दुसरी उणीव रोजच्या वापरातली आहे. बॅटरीवर बाकाची फळी फक्त दोन बोटे वर आहे. साध्या बॅटरीत महिन्या-दीड महिन्याने डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, पाहावी लागते, आणि त्यासाठी दर वेळी फळीचे स्क्रू काढावे लागतात. बिजागरी लावली असती तर हे काम एका हाताने झाले असते. याच गोष्टीचा त्रास उन्हाळ्यात अधिक होतो. मे महिन्यात पाणी एवढे खाली जाते की बोट गावापासून बरीच खाली, चढाच्या पायथ्याशी उभी राहते. चोरीच्या भीतीने आणि चार्जिंगसाठी अनेक जण बॅटरी काढून खांद्यावर वर आणतात. २२ किलोंची, ॲसिड भरलेली वस्तू अरुंद बाकाखालून वाकून ओढून काढणे कंबरेला आणि कपड्यांना, दोन्हींना बरे नाही. खोक्याला दोरीच्या मुठी त्यांनी दिल्या आहेत, पण त्या उपयोगी पडण्याइतकी मोकळीक वर नाही. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडावे आणि लावताना ते शेवटी जोडावे, ही सूचना मात्र त्यांनी पेटीच्या झाकणावर मराठीत, न पुसणाऱ्या शाईने लिहून दिली आहे. गावातली वेगवेगळी मुले बोट वापरतात तिथे अशा एका ओळीचा उपयोग मोठा आहे.

धन टर्मिनलवर रबरी टोपी पहिल्या दिवशी नव्हती, मागितल्यावर मिळाली. वायरिंगचा नकाशा मागूनही मिळालेला नाही. कामाला सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशीर झाला, पण केबल पुण्याहून यायची होती आणि बारीक केबल घालून वेळ मारून नेण्यापेक्षा त्यांनी थांबणे पसंत केले, याबद्दल माझी तक्रार नाही.

लिथियम बॅटरीबद्दल मी मुद्दाम विचारले होते. शंभर अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची असते, त्यामुळे वजनाचा प्रश्न निम्मा होतो, ॲसिड सांडत नाही, पाणी घालावे लागत नाही. तिच्या विक्रीत त्यांना नफाही जास्त मिळाला असता. तरी त्यांनी सांगितले की अशा बॅटरीच्या आतले संरक्षक सर्किट काही कारणाने तिला अचानक तोडते तेव्हा चालू इंजिनाच्या चार्जिंग व्यवस्थेवर ताण येऊन ती खराब होऊ शकते, आणि इंजिनाच्या माहितीपुस्तकात तिला स्पष्ट मान्यता असल्याशिवाय सेल्फसाठी ती घेऊ नये. पुस्तक उघडून पाहिले तर तिथे फक्त शिसे-ॲसिडच्या बॅटरीचेच मान दिलेले आहे. विकणाऱ्याने स्वतःहून नको म्हणणे हा अनुभव बाजारात फार येत नाही. ज्यांना पाणी घालण्याची कटकट नको आहे त्यांनी एजीएम प्रकारची, म्हणजे ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवणारी, बंद बॅटरी घ्यावी, ती धक्केही जास्त सोसते, असा त्यांचा सल्ला होता. तिची किंमत बरीच अधिक असल्याने मी साधीच ठेवली. बॅटरी बाकाच्या सावलीत असल्यामुळे तिला उन्हाचा त्रासही कमी होईल. तापमानात दर दहा अंशांच्या वाढीला शिसे-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असे या व्यवसायात मानतात.

खर्च बॅटरी वगळून ११,८०० रुपये आला. त्यात केबल आणि लग यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश, बैठक, पेटी आणि खोके यांचा एक चतुर्थांश, आणि बाकी मजुरी, मुख्य स्विच व बामणोलीपर्यंतचे येणे-जाणे असे आहे. याच कामाला शहरातल्या एका बॅटरी दुकानाने २,५०० रुपये सांगितले होते, पण त्यात बॅटरी मागेच राहणार होती आणि केबल इन्व्हर्टरची होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवून केवळ स्वस्त-महाग असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण ही दोन वेगवेगळी कामे आहेत.

ज्यांचे इंजिन दोरीवर चालते आणि बॅटरी फक्त दिव्यासाठी लागते, त्यांना या कार्यशाळेकडे जाण्याची गरज नाही. सात-आठ किलोंची लहान बॅटरी टाकीपासून दूर, पट्ट्याने नीट बांधली की पुरे. ज्यांनी टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक इंजिन घेतले आहे किंवा घेणार आहेत, त्यांनी मात्र इंजिन बसवण्याआधीच यांना बोलवावे, म्हणजे टाकीची जागाही त्याच वेळी ठरवता येईल. जाताना फ्यूज बॅटरीजवळ, बाकाला बिजागरी आणि वायरिंगचा नकाशा या तीन गोष्टी अंदाजपत्रकातच लिहून घ्याव्यात. पहिल्या महिन्यानंतर सगळे नट पुन्हा आवळण्यासाठी मिस्त्री स्वतः बामणोलीला आले होते आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मधल्या बाकाची बिजागरी ते पुढच्या फेरीत बसवून देणार आहेत.